कानगोष्टीची बिनतारी

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, पेण शहराला लागून, रामवाडीचे एस.टी. स्थानक आहे. गेल्या श्रावणात रोह्याच्या गाडीची वाट पाहत मी आणि माझे मामा तेथे पाऊण तास बसलो होतो. एक सर नुकतीच पडून गेली होती. गणेशोत्सव जवळ आलेला असल्यामुळे पेण, हमरापूर, जोहे या बाजूच्या कारखान्यांतून निघालेले आणि ताडपत्रीखाली मूर्ती दाटीने बसविलेले टेम्पो महामार्गावरून जपून चालले होते. फलाटावर गाड्यांची घरघर, उतारूंची गलबल आणि ध्वनिक्षेपकावरून मधूनमधून होणारी घोषणा या सर्वांचा मिळून एकच कल्लोळ झाला होता.

मामा गणिताचे निवृत्त शिक्षक. दहाएक वर्षांपासून त्यांना ऐकू कमी येते. अशा गर्दीत त्यांच्याशी बोलायचे तर कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोलावे लागे, आणि तरीही अर्धे शब्द हवेतच विरून जात. म्हणून हळूहळू त्यांनी चारचौघांत बोलणेच सोडून दिले होते. त्या दिवशी मात्र त्यांच्या शबनम पिशवीतला फोन आला, तो मला ऐकू आला नाही; मामांना आला. त्यांनी पिशवीत हात घातला नाही. कानामागच्या चिमुकल्या यंत्राला बोट लावले आणि नेहमीच्या बेताच्या आवाजात ते बोलू लागले : ‘‘हां, बोल. रामवाडीलाच आहोत अजून. गाडी यायचीय.’’ मग जरा थांबून त्यांनी विचारले, ‘‘सर्दी झालीय का गं तुला?’’

मामांची मुलगी नागपूरला असते. ज्या माणसाच्या कानांपर्यंत तिचे शब्दच दहा वर्षे कसेबसे पोहोचत होते, त्याला त्या कल्लोळातही तिच्या आवाजातले पडसे कळले, ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. नागपूरहून रामवाडीपर्यंतचे शेकडो कोसांचे अंतर तिच्या आवाजाने तारांतून आणि मनोऱ्यांवरून कापले, त्याचे आता आपल्याला नवल वाटेनासे झाले आहे; परंतु पिशवीपासून कानापर्यंतचे शेवटचे दोन हातांचे अंतर त्याने ज्या वाटेने कापले, ती वाट आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात असूनही तिची ओळख आपण कधी नीट करून घेतलेली नाही. त्या वाटेला ब्लूटूथ म्हणतात.

बिनतारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दूरत्व उभे राहते, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण या विद्येचा सारा पूर्वेतिहास अंतरावर मात करण्याचा आहे. 1927 साली पुण्याजवळ खडकी येथे संदेश पाठविणारे आणि दौंड येथे ते ग्रहण करणारे अशी दोन बिनतारी केंद्रे सुरू झाली व त्यांच्याद्वारे हिंदुस्थानचा विलायतेशी थेट संबंध जोडला गेला. त्याच वर्षी 23 जुलै रोजी मुंबईच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. उंच मनोरे, प्रचंड शक्तीची यंत्रे, समुद्रापलीकडे जाणारी हाक, असे त्या बिनतारीचे रूप होते. ब्लूटूथ ही त्याच कुळातली, पण नेमक्या उलट स्वभावाची विद्या आहे. लांब न जाणे हाच तिचा धर्म. आपल्या भाषेत तिच्यासाठी एक शब्द फार पूर्वीपासून तयार आहे : कानगोष्ट. भरल्या घरात, लग्नाच्या मांडवात, भजनाच्या गर्दीत दोन माणसे जवळ येऊन हलक्या आवाजात बोलतात, तेव्हा शेजारी त्याच वेळी दुसरी दोन माणसेही आपसांत बोलू शकतात, आणि कोणाचा कोणाला उपसर्ग होत नाही. प्रत्येकाने आवाज चढवला असता तर कोणालाच काही ऐकू आले नसते. ब्लूटूथची सर्व रचना या एका साध्या व्यवहारज्ञानावर उभी आहे.

तिचा आवाज किती हलका असावा याची कल्पना आकड्यानेच येईल. आपल्या फोनमधून किंवा कानातल्या यंत्रातून ब्लूटूथसाठी ज्या शक्तीने लहरी बाहेर पडतात, ती सामान्यतः अडीच मिलिवॉटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. आपल्या माजघरात जळणारा नऊ वॅटचा एलईडी दिवा यापेक्षा छत्तीसशे पटींनी अधिक शक्ती घेतो. एवढ्याशा शक्तीने या लहरी सुमारे दहा मीटर, म्हणजे ओटीपासून परसदारापर्यंत, कामापुरत्या पोहोचतात. शंभर मिलिवॉटची, शंभर मीटरपर्यंत जाणारी यंत्रेही असतात, पण ती विशेष कामासाठी. लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अदमासे अर्धी वीत. आणि म्हणूनच तिला पकडणारा अँटेना दोन-तीन सेंटिमीटरांचा असला तरी चालतो व तो कानामागे मावतो. मुंबई केंद्राच्या मध्यमलहरी शेकडो मीटर लांबीच्या. त्यांच्यासाठी गगनचुंबी मनोरा लागतो.

हलक्या आवाजाचे आणखी एक फळ आहे आणि ते सरकार-दरबारचे आहे. माझ्या लहानपणी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे, दरसाल फी भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे, आणि ती परवान्याची पुस्तिका आजोबा जमिनीच्या दस्तऐवजांबरोबर पेटीत जपून ठेवीत. 1933 च्या कायद्यान्वये बिनतारीचे कोणतेही यंत्र परवान्यावाचून जवळ बाळगणे हाच गुन्हा होता. आकाशातील लहरींचे पट्टे ही मर्यादित संपत्ती आहे, तिच्यावर सरकारचा अंमल असणे रास्तच. नाहीतर विमान, पोलीस, आरमार यांच्या संदेशांत कोणीही व्यत्यय आणील. मात्र 1947 साली अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने काही पट्टे उद्योग, विज्ञान व वैद्यक यांच्या यंत्रांसाठी वेगळे काढून ठेवले, त्यांत 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा होता. पुढे 28 जानेवारी 2005 रोजी भारत सरकारने राजपत्रात नियम प्रसिद्ध करून 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठी परवान्याच्या अटीतून मुक्त केला. ब्लूटूथ आज आपण विनापरवाना वापरतो, ते या मुभेच्या आधाराने. गावात जशी गायरानाची जमीन असते, कोणा एकाच्या सातबाऱ्यावर नसलेली, सर्वांच्या गुरांना मोकळी, तसा हा लहरींचा पट्टा आहे.

पण गायरान मोकळे असले म्हणजे तेथे दाटीही होतेच. घराघरांतले वाय-फाय याच पट्ट्यात चालते, अन्न गरम करण्याच्या मायक्रोवेव्ह भट्टीतून निसटणाऱ्या लहरीही याच पट्ट्यात पडतात, आणि रामवाडीच्या त्या एका फलाटावर मी माझ्या फोनवर शोध घेतला तेव्हा कोणाचे कानातले यंत्र, कोणाचे घड्याळ, कोणाच्या मोटारीतला ध्वनिसंच, आणि नुसत्या अंकाक्षरांनी ओळखली जाणारी कितीतरी अनोळखी यंत्रे, अशी नावांची यादी पाहता पाहता पडद्याच्या खाली उतरत गेली. इतकी सारी यंत्रे एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलत असता मामांच्या कानात त्यांच्या मुलीचाच आवाज यावा, शेजारच्या तरुणाचे गाणे येऊ नये, ही किमया कशी साधते? या प्रश्नाचे उत्तर मला या साऱ्या विद्येतील सर्वांत सुंदर भाग वाटतो, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो.

समजा, भजनाला दोन पेटीवाले बसले आहेत आणि त्यांना एकमेकांना गुप्त निरोप द्यायचा आहे. एकाच पट्टीवर बोट ठेवून ते निरोप देऊ लागले, तर कोणीही तो ऐकेल, आणि तिसऱ्याने तीच पट्टी दाबून धरली तर निरोप बुडेल. त्याऐवजी त्यांनी आधीच ठरवून ठेवले की पहिला सूर या पट्टीवर, दुसरा त्या, तिसरा आणखी भलत्याच पट्टीवर, आणि हा क्रम बाहेरच्याला पूर्णपणे विस्कळीत वाटावा असा असेल, तर ज्याला क्रम ठाऊक आहे त्यालाच निरोप सलग ऐकू येईल. इतरांच्या कानी मधूनच एखादा निरर्थक सूर पडेल, एवढेच. ब्लूटूथ हेच करते. आपल्या भजनातल्या पेटीला साधारणतः चाळीसच्या आसपास पट्ट्या असतात; ब्लूटूथच्या मूळ रचनेत 79 आहेत, आणि बोलणारी दोन यंत्रे सेकंदाला 1600 वेळा पट्टी बदलतात. एका पट्टीवरचा मुक्काम सेकंदाच्या दीडहजाराव्या भागाहूनही कमी. दोघांपैकी एक यंत्र म्होरक्या असते. त्याचा स्वतःचा अठ्ठेचाळीस बिटांचा अद्वितीय क्रमांक आणि त्याच्या अंतर्गत घड्याळाची वेळ यांवरून उडीचा क्रम ठरतो, आणि दुसरे यंत्र त्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवून घेते. तबलजी आणि पेटीवाला कितीही वेगवेगळ्या वाटांनी गेले तरी समेवर एकत्र येतात, तशी ही दोन यंत्रे सेकंदातून सोळाशे वेळा समेवर येतात. एखाद्या पट्टीवर दुसऱ्या कोणाशी टक्कर झालीच तर हरवतो तो एका क्षणांशाचा तुकडा. आवश्यक तेथे तोच तुकडा पुन्हा पाठविला जातो, आणि कानाला त्याचा पत्ताही लागत नाही. 2003 पासून तर ही यंत्रे कोणत्या पट्ट्या वाय-फायने अडवून धरल्या आहेत याचा अंदाज घेऊन तेवढ्या टाळून उड्या मारू लागली.

पट्ट्या बदलत बोलण्याची कल्पना सुचली तीही संगीताच्या सहवासात, हे वाचून मला पेटीची उपमा वापरण्याचे धैर्य आले. व्हिएन्नात जन्मलेली आणि हॉलिवूडमध्ये नटी म्हणून विख्यात झालेली हेडी लमार, आणि जॉर्ज अँथाइल नावाचा संगीतकार, या दोघांनी महायुद्धाच्या काळात अशी युक्ती काढली की पाणतीराला बिनतारीने दिशा द्यायची ती सतत लहरी बदलत द्यावी, म्हणजे शत्रूला ती बुडवता येणार नाही. आणि दोन्हीकडचा क्रम जुळावा म्हणून आपोआप वाजणाऱ्या पियानोत असते तशी छिद्रांची कागदी पट्टी वापरावी. पियानोच्या स्वरपट्ट्यांइतक्याच, म्हणजे 88 लहरी त्यांनी कल्पिल्या होत्या. 11 ऑगस्ट 1942 रोजी त्यांना त्याचे पेटंट मिळाले. आरमाराने त्या काळी ती युक्ती उपयोगात आणली नाही. हेच तत्त्व निराळ्या वाटांनी इतरांनाही सुचलेले होते, त्यामुळे ब्लूटूथची जननी म्हणून एकट्या हेडी लमारचे नाव घेणे इतिहासाला धरून होणार नाही. तरी रूपाखेरीज जिच्यात कोणी काही पाहिले नाही, त्या स्त्रीच्या बुद्धीची ही नोंद विसरली जाऊ नये.

प्रत्यक्ष ब्लूटूथचा जन्म स्वीडनमधील लुंड या गावी, एरिक्सन कंपनीत झाला. फोन आणि कानातील यंत्र यांच्यामधील तार काढून टाकावी, एवढाच मूळ हेतू. 1994 साली याप हार्टसेन या डच अभियंत्याने त्या कामाला हात घातला आणि लवकरच स्वेन मॅटिसन त्याला येऊन मिळाला. त्या अगोदर अवरक्त किरणांनी यंत्रे जोडण्याची सोय होती, परंतु तिच्यात दोन फोन समोरासमोर धरून हात न हलवता बसावे लागे. मध्ये कोणी आले की संबंध तुटे. लहरींना तशी दृष्टिरेषा लागत नाही, त्या पिशवीतूनही बाहेर पडतात. एकट्या कंपनीने काढलेली रीत त्या कंपनीपुरतीच राहिली असती. म्हणून मे 1998 मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आय.बी.एम. आणि तोशिबा यांनी एक संघ स्थापून ती रीत सर्वांसाठी खुली करण्याची तजवीज केली आणि 1999 मध्ये तिचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. एका कंपनीच्या फोनला दुसऱ्या कंपनीचे कर्णयंत्र आज जोडता येते ते या सामंजस्यामुळे.

नावाची कथा थोडक्यात सांगतो. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होऊन गेला. विखुरलेल्या टोळ्यांना त्याने एका छत्राखाली आणले. त्याचे टोपणनाव ‘निळा दात’ अशा अर्थाचे होते. वेगवेगळ्या जातींच्या यंत्रांना एकत्र आणणाऱ्या या योजनेला तूर्त त्याचे नाव द्यावे, असे इंटेलच्या जिम कार्डाकने 1997 साली सुचविले, आणि तात्पुरते ठेवलेले नावच कायम झाले. फोनवरची ती निळी खूण म्हणजे हाराल्डच्या नावातील दोन आद्याक्षरे, प्राचीन उत्तरी लिपीत एकमेकांवर रचलेली.

आपल्याकडे ब्लूटूथची पहिली ओळख कर्णयंत्रामुळे झाली नाही, गाण्यांमुळे झाली. वीस वर्षांपूर्वीच्या गणपतीतला एक प्रसंग मला स्वच्छ आठवतो. मुंबईहून चाकरमानी आले होते, आरती होऊन प्रसाद वाटून झाला होता, आणि ओटीवर पाच-सहा तरुण मुले आपापले फोन एकमेकांशेजारी पालथे ठेवून बसली होती. ‘‘हलवू नको रे, जाऊ दे पूर्ण,’’ असे एकजण दुसऱ्याला सांगत होता. एका फोनमधले भजन दुसऱ्यात उतरत होते. पडद्यावरची निळी रेघ मुंगीच्या पावलाने पुढे सरके, एका गाण्याला मिनिटभर किंवा अधिकही लागे, आणि तेवढा वेळ कोणी जागचे उठत नसे. इंटरनेटला पैसे पडत, ब्लूटूथला काहीच पडत नसे. म्हणून रात्रीतून ते भजन वाडीतल्या प्रत्येक फोनमध्ये पोहोचले. गाणी अशी घेणे कायद्याच्या दृष्टीने सर्वस्वी निर्दोष नव्हते हे खरे. पण एखादी ओवी जात्यावरून जात्यावर जावी तसे हाताहाती गेलेले ते संगीत मी पाहिले आहे, आणि त्यासाठी दोन माणसांना शेजारी बसावे लागत होते, हे मला आजही मोलाचे वाटते.

शेजारी बसणे आले की विश्वासाचा प्रश्न येतो. दोन यंत्रांची पहिली गाठ घालण्याला आपण ‘पेअर करणे’ म्हणतो. पूर्वी त्यासाठी चार अंकी संकेत द्यावा लागे, आणि तो बहुधा चार शून्ये किंवा एक-दोन-तीन-चार असाच असे. कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवावी तसा तो प्रकार होता. 2007 साली नवी पद्धत आली. आता दोन्ही यंत्रे आपापले एक गुपित कधीही उघड न करता त्यावरून काढलेला एक एक उघड अंक एकमेकांना देतात, आणि मिळालेला अंक स्वतःच्या गुपिताशी गणिताने जोडून दोघेही एकाच किल्लीवर येऊन पोहोचतात. वाटेत कान लावून बसलेल्याला दोन्ही उघड अंक मिळाले तरी किल्ली मिळत नाही. मामांना हे सांगितले तेव्हा त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. ‘‘म्हणजे गुणाकार सोपा, पण अवयव पाडणं अवघड, त्या जातीचं आहे हे,’’ ते म्हणाले. गणित वेगळे असले तरी जात तीच.

दोन्ही यंत्रांना पडदे असतील तर त्या वेळी त्यांवर सहा अंक दिसतात, आणि ‘जुळतात का?’ असे विचारले जाते. बहुतेक लोक न पाहताच ‘हो’ म्हणतात. तसे करू नये. मध्येच कोणी तिसरा दोघांचे सोंग घेऊन बसला असेल तर तो पकडला जाण्याची जागा हीच आहे, आणि अंक खरोखर ताडून पाहिले तर त्याला सुटण्याची संधी दहा लाखांत एक उरते. आपण स्वतः सुरू न केलेली जोडणी पडद्यावर आपोआप विचारणा करू लागली तर ती नाकारावी. भाड्याच्या मोटारीतून प्रवास करताना गाण्यांसाठी फोन जोडला की मोटारीतले यंत्र फोनमधील नावे आणि क्रमांक मागते. ते देण्याची काहीएक गरज नसते. स्वतःची मोटार विकताना कागदपत्रांवर सही करण्याआधी तिच्या यंत्रातून आपला फोन पुसून टाकावा, नाहीतर सोयऱ्याधायऱ्यांची सारी नामावळी नव्या मालकाच्या हवाली होते. आणि फोनला येणाऱ्या सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात, कारण 2017 साली ब्लूटूथच्या बांधणीत असे दोष सापडले होते की जोडणीची परवानगी न देताही जवळच्या माणसाला फोनमध्ये शिरकाव करता येत होता. ते दोष सुधारणांनीच बुजविले गेले.

2010 साली या विद्येला एक दुसरी शाखा फुटली, ती अत्यल्प ऊर्जेची. तिच्या पट्ट्या चाळीसच, आणि तिचा सगळा काटकसरीचा गुण झोपेत आहे : यंत्र क्षणभर जागे होते, दोन शब्द बोलते आणि पुन्हा झोपी जाते. त्यामुळे नाण्याएवढ्या विद्युतघटावर ते महिनोन्महिने, कधी वर्षभरही चालते. मनगटावरची घड्याळे, साखर मोजणारी यंत्रे, किल्लीला अडकवायचे शोधक, हे सर्व या शाखेचे. 2 एप्रिल 2020 रोजी करोनाच्या साथीत केंद्र सरकारने ‘आरोग्य सेतू’ हे फोनवरचे साधन प्रसृत केले, त्यात दोन फोन एकमेकांच्या निकट आले होते की नाही याचा मागोवा घेण्यासाठी हीच कानगोष्ट उपयोगात आणली गेली. त्या वेळी ध्यानात आले की जवळीक हीदेखील एक माहिती आहे, आणि ती कोणाच्या दप्तरी जमा व्हावी हा प्रश्न साऱ्या समाजाने विचार करून सोडवायचा आहे. किल्ली शोधण्याचा तुकडा कोणी गुपचूप दुसऱ्याच्या पिशवीत टाकून त्याचा माग काढू शकतो, म्हणून 2024 मध्ये ॲपल आणि गूगल यांनी मिळून अनोळखी शोधक आपल्याबरोबर फिरत असल्यास फोनने तशी सूचना द्यावी अशी व्यवस्था केली. अशी सूचना आली तर दुर्लक्ष करू नये, विशेषतः लेकीसुनांनी.

पुन्हा रामवाडीकडे येतो. मामांचे बोलणे चालू असता त्यांनी पिशवी पाठीमागे सारली आणि आवाज तुटू लागला. ‘‘अरे, घरी असं होत नाही, इथेच होतं,’’ ते म्हणाले. मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली, तसा आवाज पूर्ववत झाला. कारण साधे आहे. आपल्या देहात बहुतांश पाणी, आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. कान एका बाजूला आणि फोन पाठीशी असला की मध्ये आपण स्वतःच भिंत होऊन उभे राहतो. घरात चहूबाजूंच्या भिंतींवरून, छतावरून लहरी परतून वळसा घालून कानाशी येतात. फलाटावर समोर मोकळे आकाश, तेथे परत पाठविणारे कोणी नाही. ज्येष्ठांच्या कर्णयंत्राचा आवाज बाहेर गेल्यावर तुटतो अशी तक्रार असेल, तर यंत्र बिघडले असे समजण्यापूर्वी फोन छातीजवळच्या खिशात ठेवून पाहावा.

मामांची मुलगी फोनवर स्पष्ट ऐकू येते, पण ध्वनिक्षेपकावरची घोषणा त्यांना अजूनही कळत नाही. कर्णयंत्र आवाज मोठा करते, पण गाडीची घरघर आणि घोषणा दोन्ही सारखीच मोठी होतात. मागे एकदा एका मोठ्या स्थानकावर घोषणा न कळल्यामुळे मामा एका फलाटावर बसून राहिले आणि त्यांची गाडी दुसऱ्या फलाटावरून निघून गेली. त्यानंतर ते एकटे प्रवासाला निघेनासे झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात 43 कोटींहून अधिक माणसांना श्रवणदोषासाठी उपचाराची वा साहाय्याची गरज आहे. त्यांतील किती जण असेच घरी बसले असतील.

यावरचा उपाय ब्लूटूथच्याच नव्या रूपात आहे. 2020 च्या जानेवारीत ध्वनीसाठी या विद्येची नवी रीत जाहीर झाली आणि 2022 मध्ये तिचे नियम पूर्ण झाले. तिच्यात ‘ऑराकास्ट’ नावाची सोय आहे. आजवरची कानगोष्ट दोघांतली होती. ऑराकास्टमध्ये एक लहानसे प्रक्षेपक यंत्र बोलते आणि आवारातील कितीही कर्णयंत्रे, आपला फोन कोणाशी न जोडता, ते थेट ऐकू शकतात. घोषणा करणाऱ्याच्या माइकला असे एक यंत्र जोडले, तर त्याचा आवाज फलाटाच्या कोलाहलात न मिसळता, जणू कानाशी ओठ आणून बोलावे तसा, श्रोत्याच्या कानात उतरतो. नव्या कर्णयंत्रांत ही सोय येऊ लागली आहे. पण ऐकणाऱ्याकडे कान असून भागत नाही; बोलणाऱ्याकडे तोंडही हवे.

1 जून 1948 रोजी नगरहून पुण्याला पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून गावाच्या शेवटच्या घरापर्यंत गाडी नेणे हे आपण सार्वजनिक कर्तव्य मानत आलो आहोत. गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे हे शेवटच्या कानापर्यंत नेणे हा त्याच कर्तव्याचा भाग आहे. एस.टी. महामंडळाला माझी आग्रहाची विनंती आहे की त्याने हा प्रयोग एखाद्या स्थानकावर करून पाहावा. आणि रायगड जिल्ह्यातून तो करायचा झाला, तर रामवाडीच्या नियंत्रण कक्षातील माइकपासून सुरुवात करावी. मामांचे कर्णयंत्र तयार आहे, आणि रोह्याला त्यांना दर महिन्याला जायचे असते.